डाव्या डोळ्याची साक्ष

चाकापाम्बा, ३ सप्टेंबर २०१२

दोमितिला साकिसेला, मुक्काम पुन्ता सेका, हीस वि. वि.

मी, एवारिस्तो साकिसेला, वय वर्षे सत्त्याहत्तर पूर्ण, राहणार चाकापाम्बा, शिक्षण चार यत्ता व चारही यत्तांत पहिला क्रमांक, धंदा विणलेल्या टोप्या धुणे, गंधकाची धुरी देऊन उजळणे, मोगरीने ठोकणे व इस्त्री करणे, येथील टोपीविणकर मंडळाचा एकतीस वर्षांचा परीक्षक, पूर्ण शुद्धीवर असून व कोणाच्याही दबावाखाली नसून, तुला लिहीत आहे. मी तुझा सख्खा थोरला भाऊ आहे. हे तुला ठाऊक असल्याने पुरावा जोडलेला नाही.

आपल्यामध्ये तीन वर्षे पत्रव्यवहार नाही. तू ताडासारखी पाने चिरून, उकडून, वाळवून पाठविलेल्या पातीच्या टोप्या घडीवर तडकल्या, व्यापाऱ्याने पेट्या परत धाडल्या, आणि मी मंडळाच्या सभेत उभा राहून सांगितले की समुद्रकाठच्या दोमितिलाची पाती नीट उकडलेली नसते, यापुढे ती या गावात येऊ नये. ते मी आजही सांगतो. प्रस्तुत पत्राचा त्या विषयाशी संबंध नाही आणि तो विषय तू उत्तरात काढू नयेस.

विषय डोळ्यांचा आहे. गेल्या महिन्यात मी चर्चच्या पडवीत खुंटीवर टांगलेल्या एका कोटास नमस्कार केला व त्याने उलट नमस्कार न केल्याने त्याला चार शब्द सुनावले. लास्तेनिया, माझी सून, मागे उभी होती. तिने मला दुसऱ्याच दिवशी कुएन्का शहरी नेले. तेथील डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. एका वेळी एकच डोळा करतात, आधी उजवा करू म्हणाल्या.

मी भीत नाही. परंतु ज्या गोष्टीची माहिती नाही तिच्या कागदावर सही करणे मला मान्य नाही. शेजारी आनफिलोकियो सांगतो की डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात, खरवडतात आणि परत बसवतात. पुरावा म्हणून त्याने आपल्या चर्चमधील सांता लुसीयेची, डोळ्यांच्या संतिणीची, मूर्ती दाखविली, जिच्या हातातील ताटलीत दोन डोळे आहेत. मी त्यास अडाणी म्हटले. तथापि पुढच्या रविवारी मूर्तीकडे पुन्हा एकदा नीट पाहिले.

तरी कळवावे. माणसाला झोपवतात की जागे ठेवतात? आत जे नवे भिंग घालतात ते कशाचे असते, आणि गंधकाच्या धुराने ते काळवंडते काय? आपली आई मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहत पाहत आंधळी होऊन गेली, तसे थांबणे आवश्यक आहे काय? आणि मुख्य प्रश्न असा की, माझे सगळे काम पांढऱ्या रंगाचे आहे. कोणती टोपी पुरेशी पांढरी झाली व कोणती नाही हे मी सांगतो, म्हणून मी परीक्षक आहे. नवे भिंग रंग फिरविणारे निघाले तर माझी खुर्ची जाईल. ती मी कोणाला देणार नाही.

तुझे ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झाल्याचे बसवाल्याकडून कळले होते. गावातही काहींची झाली आहेत, पण ते सांगताना वाढवून सांगतात. तू भांडखोर आहेस, खोटे मात्र बोलत नाहीस. टेलिफोनवर मी विचारणार नाही. टेलिफोनवर बोललेले कोणीही नाकारू शकतो.

कळावे. लोभाविषयी या पत्रात काही लिहिलेले नाही.

एवारिस्तो साकिसेला

*

पुन्ता सेका, १४ सप्टेंबर २०१२

तीर्थरूप दादा यांच्या चरणी धाकट्या दोमितिलाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे पत्र पोहोचले. पहिल्या चार ओळी वाचून मला वाटले, कोर्टाचे समन्स आले. शेजारीण म्हणाली, काकू, आधी वकील बघा, मग पुढे वाचा. मी तिला सांगितले की घाबरू नकोस, आमचा दादा लहानपणी आईकडे दूध मागतानाही असाच बोलायचा. आशीर्वाद लिहायचा तुम्ही विसरला आहात. मी तो धरून चालते.

तर ऐका. डोळा बाहेर काढत नाहीत. आनफिलोकियोला सांगा की सांता लुसीयेच्या ताटलीत तिचे दोन डोळे आहेत, तरी तिच्या तोंडावर आणखी दोन आहेत, ते त्याने बघितले नाहीत का? मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावरचा पापुद्रा नव्हे. डोळ्याच्या आत देवाने दिलेले भिंग असते, ते म्हातारपणी गढूळ होते. कडेला एवढीशी चीर घेतात, ते गढूळ भिंग आतल्या आत फोडून ओढून घेतात आणि त्या जागी नवे सारतात. गुंडाळून आत जाते आणि आत उलगडते, अगदी आपली चांगली टोपी अंगठीतून निघते तसे. ते जन्मभर तिथेच राहते. गंधकाने काळवंडत नाही, कारण ते आत असते आणि धूर बाहेर. आणि पिकायची वाट आता बघत नाहीत. उलट फार कडक झाले तर फोडायला कठीण जाते. आईच्या वेळी हे कोणी सांगायला नव्हते.

झोपवत नाहीत. थेंब घालून डोळा बधिर करतात. तुम्हाला सगळे ऐकू येते, नर्स दुपारी काय जेवणार हेसुद्धा. दुखत नाही, दाब वाटतो. आणि दादा, दिवे दिसतात. गुलाबी, निळे, पाण्यात विरघळणारे. मला इतके बघावेसे वाटत होते की संपले म्हणाले तेव्हा मी विचारले, एवढ्यात?

पण नंतरचे महत्त्वाचे. माझ्याकडून चूक झाली ती तुमच्याकडून होऊ नये. चौथ्या दिवशी बरे वाटले म्हणून मी पाती उकडायच्या कढईपाशी जाऊन उभी राहिले. वाफ लागली, डोळा चुरचुरला आणि मी हाताच्या मागच्या बाजूने तो चोळला. संध्याकाळी लाल. मी दोन दिवस लपवले, मग जाम दुखू लागले आणि नजर धुरकट झाली. डॉक्टरांनी मला पोरांसमोर असे झापले की मी तुमची आठवण काढली. थोडे खुपणे, पाणी येणे चालते. दुखणे वाढले, दिसणे कमी झाले किंवा विजा चमकल्यासारखे दिसले तर त्याच दिवशी जायचे, उद्यावर ढकलायचे नाही. महिनाभर थेंब. रात्री डोळ्यावर ढापणी. तुमची धुरीची पेटी आणि मोगरी डॉक्टरीणबाई सांगतील तोवर बंद.

आणखी एक. कोणती कोणती औषधे घेता ते बाई विचारतील. सगळी सांगा. लघवीची गोळीसुद्धा. तुम्ही घेत नाही असे मला लिहू नका. माझे यजमान होते तेव्हा तेही घेत नव्हते, आणि डबी साखरेच्या बरणीमागे होती. त्या गोळीचा डोळ्याशी संबंध आहे, का ते बाईंना विचारा. तुम्हाला चौकशा करायला आवडते.

पांढऱ्या रंगाचा प्रश्न राहिला. त्याचे उत्तर मी देणार नाही, कारण तो विषय तुम्ही काढू नको म्हणाला आहात. माझे ऑपरेशन झाले तेव्हा मी तुम्हाला एक पत्र पाठवले होते, ते न फोडता परत आले. बिस्किटाच्या डब्यात आहे. एवढेच सांगते की उजव्या डोळ्याची पट्टी निघाली की आधी एक डोळा झाका, मग दुसरा, आणि तुमच्या फळीवरच्या टोप्या बघा.

आणि तुम्ही लिहिता की मी खोटे बोलत नाही. तीन वर्षांपूर्वी मी सांगितले होते की पाती नीट उकडली आहे. तेव्हाही मीच होते ना, दादा?

मासा सुकवून पाठवते आहे. लास्तेनियाला द्या, तुम्ही खारट म्हणाल. भांडण चालू ठेवून का होईना, माया असू द्या.

तुमची दोमितिला

*

चाकापाम्बा, ८ ऑक्टोबर २०१२

चि. दोमितिला हीस आ. वि. वि.

आशीर्वाद या वेळी लिहिला आहे. मागील पत्रात तो वगळणे हेतुपुरस्सर होते, विसर नव्हता.

तुझे पत्र दोनदा वाचले, म्हणजे लास्तेनियाकडून वाचवून घेतले. लघवीच्या मजकुरापाशी ती थांबली व खोकली. मी तिला पुढे वाचण्यास सांगितले. अशी कोणतीही गोळी मी घेत नाही, असे तिला स्पष्ट केले.

काल मोजमापासाठी कुएन्कास जाऊन आलो. डॉक्टरीणबाईंचे नाव यादिरा. वयाने माझ्या नातीएवढ्या, पण हात स्थिर. हनुवटी एका खोबणीत टेकवून यंत्राने डोळ्याची लांबी मोजतात, कारण प्रत्येकाच्या मापाचे भिंग वेगळे असते. हे मला पटले. टोपीही डोके मोजल्याशिवाय करू नये. त्यांनी विचारले की चष्म्याशिवाय तुम्हाला लांबचे दिसायला हवे की जवळचे, एकच निवडावे लागेल. मी विचारले, लोक काय निवडतात? त्या म्हणाल्या, बहुतेक लांबचे, मग वाचायला चष्मा लावतात. मी सांगितले की मला हात लांब केल्यावर जेवढे अंतर होते तेवढे हवे. टोपी उजेडात धरून पाहण्याचे अंतर तेवढेच असते. डोंगर मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या हसल्या व त्यांनी दोरीने माझा हात मोजला. आजवर कोणत्याही डॉक्टरने माझा हात मोजला नव्हता.

औषधांची यादी मी दिली. रक्तदाब, गुडघा. बाहेर येऊन जिन्याच्या तीन पायऱ्या उतरलो. नंतर परत वर गेलो, लास्तेनियास पाण्याची बाटली आणण्यास पाठविले व ती गोळी सांगितली. यादिराबाईंनी चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, सेन्योर, बरे झाले तुम्ही परत आलात. ती गोळी घेणाऱ्याची बाहुली शस्त्रक्रियेत उघडी राहत नाही, मध्येच लुळी पडते. आधी ठाऊक असेल तर आम्ही तयारीत असतो, ठाऊक नसेल तर ऐनवेळी घाम फुटतो. त्यांनी हेही सांगितले की आपल्या मनाने गोळी बंद करू नये, कारण बंद केल्यानेही फरक पडत नाही. मी विचारले की लघवीच्या औषधास डोळ्याच्या बाहुलीचा पत्ता कसा लागतो? त्यांनी पाच मिनिटे समजावले. मला सर्व कळले नाही, पण ऐकताना आनंद झाला.

हे तुझ्यामुळे घडले. ते लिहिणे कर्तव्य म्हणून लिहिले आहे.

शस्त्रक्रिया मंगळवारी, १६ तारखेस. मासा खारट होता. संपला.

तुझ्या प्रकृतीचे कळवीत जावे, एवढी अपेक्षा.

तुझा भाऊ एवारिस्तो

*

चाकापाम्बा, ३ नोव्हेंबर २०१२

चि. दोमितिला हीस अनेक आ. वि. वि.

मागील दोन पत्रे नातवाने लिहून दिली, हे मी स्वतः लिहीत आहे. अक्षर पाहून तुला कळेलच.

शस्त्रक्रिया झाली. तू सांगितलेले दिवे मी पाहिले. तुझ्या पत्रात निळ्या दिव्यांचा उल्लेख होता. माझ्याकडे हिरवाही होता. मी मध्येच विचारले की हा हिरवा कशामुळे, तेव्हा यादिराबाई म्हणाल्या, सेन्योर एवारिस्तो, आत्ता बोलू नका, हलू नका, नंतर काय ते विचारा. नंतर विचारण्यास मी विसरलो. याची खंत आहे.

ढापणी लावून झोपतो. थेंब लास्तेनिया घालते, वेळेवर, भिंतीवर कागद लावून. डोळा चोळलेला नाही. वाकून बूट घालत नाही, नातू घालून देतो. धुरीची पेटी बंद आहे.

आता जे घडले ते क्रमाने सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. लास्तेनिया समोर उभी होती. मी म्हणालो, नवा अ‍ॅप्रन घेतलास, चांगला आहे. ती म्हणाली, मामंजी, हा तोच. मी म्हणालो, तो पिवळट होता, मी तुला चार वर्षे सांगत होतो की नीट धूत जा. ती म्हणाली, हो, आणि मी चार वर्षे तो उकळत होते, दोनदा फाटला. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरा जोरात ठेवली.

काल मृतांच्या दिवशी तिने जांभळे पेय केले. गेली कित्येक वर्षे मी ते तांबूस, करपलेले म्हणून निम्मे ठेवीत असे. काल पेल्यात पाहिले तर ते जांभळे होते, बिशपांच्या वस्त्राइतके. मी तीन पेले प्यायलो.

त्यानंतर तू सांगितले होतेस तसे फळीवरच्या टोप्यांपाशी गेलो. उजवा डोळा झाकला. मग तो उघडून डावा झाकला. पुन्हा तसेच केले. टोपी एकच होती.

यावर आज अधिक लिहीत नाही. तुझ्या बिस्किटाच्या डब्यातील पत्र अद्याप असल्यास पाठवावे.

एवारिस्तो

*

पुन्ता सेका, १४ नोव्हेंबर २०१२

ती. दादा यांस दोमितिलाचा सा. न. वि. वि.

पत्र आहे. या पाकिटातच आतल्या पाकिटात आहे, तसेच चिकटवलेले. पण थांबा, फोडू नका. आधी माझे ऐका.

मला ऑपरेशननंतर पहिल्यांदा जे दिसले ते अंगणात वाळत घातलेली पाती. मी ती उमेदीने बघायला गेले आणि दारातच बसले. इतकी पांढरी पाती मी दहा वर्षांत बघितली नव्हती. मला वाटायचे, पूर्वीसारखी पाती येत नाही हल्ली, मातीच बिघडली. माती नव्हती बिघडली. तिथेच मला तुम्ही दिसलात, दादा. पेटीसमोर बसलेले, टोपी उजेडात धरलेले, आणि म्हणताय की अजून पिवळी आहे, आणखी एक रात्र धुरी द्या.

आपल्या बापाने एकच रात्र धुरी द्यायला शिकवले होते. टोप्या तडकल्या त्या वर्षी तुम्ही किती रात्री दिल्या? मी विचारत नाही, तुम्ही स्वतःला विचारा. गंधक पातीचे पाणी खातो आणि मग ती तडकते, हे तुम्हीच मला मी सात वर्षांची असताना सांगितले होते.

मी तेव्हाच लिहिले. ते परत आले. मग मी ठरवले की सांगून उपयोग नाही, माझ्या दादाला दुसऱ्याच्या डोळ्याने काही दिसत नाही. त्याचा स्वतःचा उघडेपर्यंत थांबायचे. दोन वर्षे थांबले.

आता माझी मागणी. मला पातीच्या जुडीत खोचून आलेली माफी नको. तुम्ही माझे नाव सभेत, छातीतून आवाज काढून घेतले होते. त्यानंतर तुमच्या गावाने माझी पाती घेतली नाही, आणि बाकीच्या गावांनी विचारले की चाकापाम्बा घेत नाही तर आम्ही का घ्यावी? माझ्या कढईशेजारी सहा बायका उकडत होत्या, आता दोघी आहेत. तेव्हा जिथे बोललात तिथेच परत घ्या. पत्र तिथेच फोडा. नसेल जमत तर न फोडता परत पाठवा, डब्यात जागा आहे.

उजवा डोळा जपा. डाव्याचीही तारीख चुकवू नका. एक डोळा झाला म्हणून लोक दुसरा सोडून देतात, आणि मग जिन्यावर पायरी चुकते.

रागावले असले तरी तुमचीच,

दोमितिला

*

चाकापाम्बा, २ डिसेंबर २०१२

आत्याबाई यांस लास्तेनियाचा सा. न. वि. वि.

मामंजींना न सांगता लिहिते आहे. वीस तारखेला त्यांचा डावा डोळा करायचा होता. सकाळी सात वाजता कपडे घालून बसले आणि जायचे नाही म्हणाले. मी म्हणाले, भीती वाटते का? ते म्हणाले, मूर्खासारखे बोलू नकोस, मला डाव्या डोळ्याचे काम आहे. यादिराबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, घाई नाही, पण फार लांबवू नका, आणि दोन डोळ्यांत एवढा फरक असताना रस्ता ओलांडताना सांभाळा.

दिवसभर फळीसमोर बसतात. एक डोळा झाकतात, दुसरा उघडतात, मग उलटे. आनफिलोकियो काका आले तेव्हा म्हणाले, एवारिस्तो, एकेका डोळ्याने बघायला कोंबडी झालास का? एरवी त्यांनी काकांना दारातून घालवले असते. या वेळी नुसता दुसरा डोळा झाकला. तुमचे पाकीट जाकिटाच्या आतल्या खिशात असते. जेवताना हात लावून बघतात.

कधी कधी रात्रीच्या धुरीचा विषय काढतात. परवा मला म्हणाले, सूनबाई, तुझ्या अ‍ॅप्रनबद्दल मी चार वर्षे जे बोललो ते लक्षात ठेवू नकोस. मला रडू आले आणि रागही आला, दोन्ही एकदम. आत्याबाई, तुम्ही काय लिहिले आहे मला ठाऊक नाही, पण तुम्हीच काहीतरी करा. ते मंडळाच्या चिटणिसांना बोलावून सभेची तारीख विचारत होते.

तुमच्या मायेची वाट पाहणारी,

लास्तेनिया

*

चाकापाम्बा, १३ डिसेंबर २०१२, सांता लुसीयेचा दिवस

चि. दोमितिला साकिसेला, माझी धाकटी बहीण, हीस अनेकानेक आशीर्वाद.

मी, एवारिस्तो साकिसेला, वय वर्षे सत्त्याहत्तर, राहणार चाकापाम्बा, शिक्षण चार यत्ता, टोपीविणकर मंडळाचा एकतीस वर्षांचा परीक्षक, शुद्धीवर असून व कोणाच्याही दबावाखाली नसून (तुझा दबाव मी दबाव धरीत नाही) खालीलप्रमाणे लिहून देतो. हे आज प्रार्थनेनंतर चर्चच्या पडवीत, मंडळाच्या सभेत, उभे राहून मी तोंडी सांगितले असून त्याची ही प्रत आहे.

सभेत मी प्रथम टोप्या मागविल्या. मंडळाचे चिटणीस मेल्किसेदेक तेनेसाका यांस मी विनंती केली की सहा टोप्या आणाव्यात, तीन पुऱ्या उजळलेल्या व तीन न उजळलेल्या, आणि त्या कोणत्या क्रमाने दाखवाव्या हे मला सांगू नये. मग त्यांच्याच रुमालाने माझा उजवा डोळा बांधावा. त्यांनी विचारले, सेन्योर एवारिस्तो, हा काय पोरखेळ? मी म्हणालो, बांधा.

डाव्या डोळ्याने मी सहाही टोप्या पाहिल्या आणि सहाही पिवळ्या ठरवून प्रत्येकीस आणखी एक रात्र धुरी सांगितली. एकीस दोन रात्री. सभेत हशा झाला. आनफिलोकियो म्हणाला, अरे, मांजरालाही पिवळे म्हणशील. मी रुमाल सोडून डाव्या डोळ्यावर बांधण्यास सांगितले व त्याच सहा टोप्या उजव्याने पाहिल्या. तीन पांढऱ्या, तीन पिवळट, क्रम बिनचूक. ज्या टोपीस मी दोन रात्री धुरी सांगितली होती ती सर्वांत पांढरी होती. तेव्हा हशा थांबला.

विणकरीण उबाल्दिना पुढच्या बाकावर होती. ती उठली आणि म्हणाली, म्हणजे त्या वर्षी माझी चार महिने विणलेली टोपी तुम्ही किती रात्री त्या पेटीत ठेवलीत? मी सांगितले, चार. ती म्हणाली, मी रडत आले होते, तर तुम्ही मला म्हणालात, माझ्यापुढे नको, समुद्रकाठच्या बाईपुढे जाऊन रड. मी म्हणालो, होय, हेच म्हणालो होतो. ती खाली बसली. ती आणखी काही बोलली असती तर मला सोपे गेले असते.

त्यानंतर मी सर्वांसमोर तुझे पाकीट फोडले. लास्तेनिया वाचून देण्यास उठली, मी तिला बसविले. मी हात लांब केला आणि स्वतः वाचले. या अंतरासाठीच मी ते भिंग मागितले होते. पत्रावर १९ ऑगस्ट २०१० ही तारीख आहे आणि मजकूर दोनच ओळींचा आहे. दादा, टोप्यांना आणखी धुरी देऊ नका. त्या केव्हाच पांढऱ्या झाल्या आहेत.

दुसरी ओळ वाचताना आवाज थोडा बसला. डिसेंबरातील थंडीमुळे.

मग मी जाहीर केले ते असे. सन २००९ मध्ये याच जागी मी माझी बहीण दोमितिला हिच्या पातीवर जो दोष ठेवला तो खोटा होता. पाती नीट उकडलेली होती. दोष माझ्या डोळ्यांत होता, आणि डोळे तपासून घेण्यापूर्वी मी बहीण तपासली. मी माझा शब्द परत घेत आहे. नजर गढूळ होते ती इतक्या हळू की माणसास वाटते, जगच पिवळे पडत चालले आहे. म्हणून येथे साठीच्या पुढे जो कोणी पांढऱ्याचा निर्णय देत असेल त्याने वर्षातून एकदा डोळे दाखवावेत, असा ठराव मी मांडला. तो मंजूर झाला. परीक्षकाच्या खुर्चीचा राजीनामाही मी दिला. उबाल्दिनेने तो नामंजूर करावा असे सुचविले. म्हणाली, आता याच्याइतका सावध माणूस दुसरा मिळणार नाही, पण धुरीची पेटी उघडताना मी शेजारी उभी राहीन. मी ती अट मान्य केली. जानेवारीत पाती आणण्यास बस पुन्हा पुन्ता सेकास येईल, हेही सभेने ठरविले. तुझ्या कढईशेजारी बायका लागतील, आतापासून सांगून ठेव.

डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया येत्या मंगळवारी आहे. ती पुढे का ढकलली, हे लास्तेनियास आता कळले आहे. गोळीची यादिराबाईंना पुन्हा आठवण करून दिली आहे, या वेळी लास्तेनियासमोर. हिरवा दिवा कशामुळे दिसतो ते या खेपेस न विसरता विचारीन आणि तुला कळवीन. यापुढे तुझे कोणतेही पत्र न फोडता परत येणार नाही.

बहिणीची माया मी मागत नाही. ती तू दोन वर्षे डब्यात जपून ठेवलीस, एवढे मला आज वाचता आले.

वरील निवेदन करतेवेळी हजर असलेले साक्षीदार:

मेल्किसेदेक तेनेसाका, चिटणीस.
उबाल्दिना बुए, विणकरीण.
आनफिलोकियो मोरोचो, शेजारी, ज्याने सांता लुसीयेच्या तोंडावरचे दोन डोळे आज मोजून पाहिले.
लास्तेनिया, सून, पांढऱ्या अ‍ॅप्रनमध्ये.
आणि माझा डावा डोळा, ज्याची साक्ष मंगळवारनंतर घेता येणार नाही.